दीड तासाची फेरी

माणशी आठशे पेसो, जेवण धरून,
बिअरची एक बाटली फुकट.
"बोटीवर? आणि मला?" ताताय हसला,
"कोळ्याला मासे विकतेस होय?"
तरी पासष्टाव्या वाढदिवसाला त्याने
इस्त्रीचा शर्ट घातला,
आणि वरचं बटणसुद्धा लावलं.

एकतीस वर्षं तो जहाजांच्या पोटात होता.
इंजिनाला तेल देणारा, पार तळाशी,
जिथे समुद्र म्हणजे पत्र्यापलीकडचा आवाज.
मनिलाच्या या खाडीतून किती वेळा गेला, किती वेळा आला,
पण इथला सूर्यास्त, ज्यासाठी लोक विमानाने येतात,
त्याने पाण्यावरून कधीच पाहिला नव्हता.
त्या वेळी त्याची पाळी असायची.

मला तेवढंच दाखवायचं होतं.
खोटं कशाला सांगू, हिशेबही चुकता करायचा होता:
ते खोके, साबणवड्या, डबाबंद मटण,
एक नंबर मोठे बूट,
आणि माझ्या प्रत्येक वाढदिवसाला एक फोन,
ज्यात अर्धा वेळ घरघर.

वरच्या डेकवर लाल-निळे दिवे.
कॉल सेंटरच्या मुली कुणाच्या तरी बढतीसाठी
चपला हातात घेऊन नाचत होत्या.
एक म्हातारं जोडपं नूडल्सवर लिंबू किती पिळावं
यावरून भांडत होतं.
गायिकेचा झगा चमचमता, पायात मात्र रबरी सपाता.
ती माइकवर म्हणाली,
"एलेउतेरिओ बालिंगित, वाढदिवसवाले, कुठे आहेत?"
टाळ्या वाजवायला हात वर झालेले.
खुर्ची रिकामी. गळ्याशी खोचलेला रुमाल बशीत.

सूर्य बातानच्या डोंगरापासून हातभर वर.

सापडला तो खालच्या जिन्याशी,
लोखंडी झाकणावर तळहात ठेवून,
पोराचा ताप बघावा तसा.
"तिसरा सिलिंडर अडखळतोय."
झाकण उघडून एक डोकं वर आलं, घामाने निथळतं.
रोमनिक, बावीस वर्षांचा.
कागद झालेत त्याचे. पुढच्या महिन्यात रॉटरडॅमचं जहाज,
नऊ महिन्यांचा करार.
घरी मुलगी, चाळीस दिवसांची.
"या बोटीवर किती दिवस?"
"दोन वर्षं."
"सूर्यास्त पाहिलास?"
पोरगा ओशाळला. "बरोबर तेव्हाच इथे..."

ताताय बाह्या दुमडू लागला.
"जा वर. दोन गाणी होईस्तोवर. मी ऐकतो हिला."

मी म्हटलं, ताताय, अरे आठशे पेसो.
म्हटलं, हे सगळं तुझ्यासाठी.
पण तो केव्हाच शिडी उतरत होता, तोंड शिडीकडे करून,
एकही पायरी न बघता.

मग मी जिन्यातच उभी राहिले,
अर्धी वर, अर्धी खाली.
वर रोमनिक कठडा धरून.
फोन काढायचाही विसरला.
आणि मी खाली ओरडून सांगत होते:
आता पपईची फोड.
आता बुडाशी काळी पट्टी, डोंगराची.
आता गेला. नाही, थांब, अजून नखाएवढा आहे.
नांगरलेल्या जहाजांवर दिवे लागले, सात.
नऊ.
तो खालून विचारायचा, "काय?"
मी पुन्हा सांगायची.
अर्धा वेळ घरघर.

धक्का आला तेव्हा काळोख होता.
गायिकेने राखून ठेवलेला केक
रोमनिकने कागदी बशीतून आणला. चमचा नव्हता.
काळ्या बोटांनीच खाल्ला त्याने. शर्ट कायमचा गेला.

जीपनीत मी बोलले नाही.
पासाय येईपर्यंत तोही नाही.
मग खिडकीबाहेर बघत म्हणाला,
"सिलिंडर तसा बरा आहे.
दीड तासाच्या फेरीला पुरेल.
नऊ महिन्यांचं सांगता येत नाही."