सोमवार सांगितला होता

बुडापेस्टला विमानतळावर संप होणार म्हणून
कंपनीने आम्हाला एक दिवस आधीच धाडून दिलं.
पहाटे पाचला सहारच्या बाहेर
ट्रॉल्यांना टेकून चौघी उभ्या.
घरी सगळ्यांनी सोमवार सांगितलेला,
आणि हा तर रविवार.

पमू म्हणाली, मग सोमवारीच जाऊ.
आठ दिवसांचे पैसे भरलेत,
सातव्याला का उठायचं
वाढलेल्या ताटावरून?

फिलूने एकतीस वर्षं बेलार्ड इस्टेटला टायपिंग केलेलं.
तिथल्या वॉचमनने बॅगा ठेवून घेतल्या,
वर विचारलं, मॅडम, तुम्ही तर रिटायर झालात ना?

रविवारी बेलार्ड इस्टेट ओस असतं.
दगडी इमारती, मिटलेल्या खिडक्या,
एक कुत्रा, आणि चार बायका
माना वर करून.
सात दिवसांत मानेला सवयच लागली होती
छज्जे बघायची, कमानी बघायची.
एरवी या शहरात साठ वर्षांत
मी वर पाहिलं असेल
ते कोणाच्या तरी वाळत घातलेल्या चादरीचं पाणी
डोक्यावर ठिबकलं तेव्हाच.

फिलूने छत्री उभी धरली,
तिकडच्या त्या गाइड पोरीसारखी.
"लेडीज, डावीकडे बघा.
त्या खिडकीत ब्याऐंशी साली मला
चुकून दुप्पट पगार मिळाला.
मी परत केला. अजून पस्तावते."
आम्ही खिडकीचा फोटो काढला.

मग यशोधरा म्हणाली, आता माझं एक ठिकाण.
चालत फोर्टात नेलं, जुन्या कस्टम हाउसपाशी,
पायऱ्या दाखवल्या.
"इथे लग्नं नोंदवायचे.
सव्वा तास उभी होते.
पिशवीत दोन हार.
साक्षीदार दोघंही आले."
एवढंच.

सात रात्री तिच्याशेजारी झोपले मी
एकाच पलंगावर, मधे उशी टाकून.
तिचे गुडघे, तिचा जावई, तिचं थायरॉइड,
सगळं ऐकलं. हे नाही.
फिलूने छत्री खाली घेतली.
फोटो कोणी काढला नाही.
पमूने तिला लिमलेटची गोळी दिली,
कागद काढून.

दुपारी भाऊचा धक्का.
डॅन्यूबवरची बोट आम्ही दर पाहून सोडली होती,
माणशी साडेचार हजार, आणि सोबत एक पेला वाइन.
इथे मोऱ्याचं तिकीट काढलं,
जायचं आणि त्याच बोटीने यायचं.
शेजारी रिकाम्या पाट्या घेऊन एक कोळीण.
उरणला कोणाकडे, तिने विचारलं.
कोणाकडेच नाही.
ती जरा सरकून बसली.

अर्ध्या वाटेत पमूच्या मुलाचा फोन.
काय करताय, आई?
बोटीत आहोत.
थंडी आहे का?
वारा आहे.
जप. उद्या येतेस ना?
उद्या.
एक शब्द खोटा नव्हता त्यात,
तरी पमूचे कान लाल झाले.

संध्याकाळी कठड्यावर बसून हिशेब.
पमूने यशोधराला सहाशे दहा,
फिलूचं गरम कुंडातल्या टॉवेलचं भाडं,
माझं सूप दोनदा लागलं होतं, ते वजा.
शेवटी दोनशे फोरिंटचं एक नाणं उरलं,
त्यावर त्यांचा तो पूल.
त्याचे चार भाग होईनात.
ठेव तुझ्याकडे, म्हणाल्या, पुढच्या वेळेला.
पुढची वेळ कधी, ते कोणी काढलं नाही.

बारा वाजून गेले, रीतसर सोमवार लागला,
तेव्हा टॅक्सी केली.
बॅगा चढवता चढवता यशोधराने विचारलं,
तू घरी कोणाला सांगितला होतास गं, सोमवार?

दूधवाल्याला, मी म्हटलं.

ती काही बोलली नाही.
माझं घर आल्यावर उतरून
माझी बॅग तिने दुसऱ्या मजल्यापर्यंत आणली,
तेच गुडघे घेऊन.

पहाटे कडीला पिशवी अडकल्याचा आवाज.
अर्धा लिटर, बरोबर सोमवारी.
मी जागीच होते.
दूध तापत ठेवलं, आणि सवयीने मान वर गेली.
माझ्या स्वयंपाकघराच्या झरोक्याला
कमान आहे.
कधीपासून, कोण जाणे.