खडूची रेघ

आधी मी गाडीला हात लावत नाही.
आधी माणसाचं एम्पाको विचारते, आम्हा टोरो लोकांची ती रीत.
नाव काय, कचेरीलाही ठाऊक असतं;
एम्पाको मायेनं हाक मारायला.
"अमूती," तो म्हणाला.
"मी अब्वोली. बोल अमूती, काय होतंय?"

डावीकडे ओढते म्हणाला. उतारावर थरथरते.
कासेसेच्या रस्त्यावर आज सकाळी एक खड्डा...
आज सकाळी.
सगळ्यांचं सगळं आज सकाळीच मोडतं.

मी मुठी बघितल्या.
उजवीचं रबर झिजून गुळगुळीत,
डावीच्या खाचा कालच दुकानातून आणल्यासारख्या.
काही बोलले नाही.

पुढचं चाक गुडघ्यांत धरलं,
औषध पाजताना हट्टी बकरं धरावं तसं,
आणि हँडल पिळून बघितलं.
बेअरिंग ठीक. फोर्क सरळ.
क्लॅम्पचे चार बोल्ट, चारही घट्ट,
त्यातला एक तर नको इतका,
रात्री एकट्यानं येऊन आवळल्यासारखा.

क्लॅम्प खोलला.
बोटाला काही लागेना. डोळ्यांचं तर विचारूच नका,
साठीचे डोळे ते.
मग घासलेटचा बोळा फिरवला, कोरडं पुसलं,
उधारी लिहायचा खडू कानशीवर घासून
वरून पूड फुंकली.
थांबलो.
चहाच्या मळ्यावर ढग उतरत होते,
पलीकडे कुणीतरी मका भाजत होतं,
आणि पांढऱ्यावर हळूच
एक ओली रेघ वर आली, केसाएवढी,
नळीला निम्म्याहून जास्त वळसा घालून.

"हे आजचं नाही, अमूती."
"आजचंच."

हँडल शिकंज्यात धरलं, एक हिसका दिला. काडकन.
मोडकं तोंड त्याच्यापुढे धरलं.
तीन हिस्से तपकिरी, मुरलेला गंज.
एका कडेला नखाएवढी कोर, लख्ख.
"एवढ्याशावर," मी म्हटलं,
"तू, मटोके केळ्यांचे तीन घड,
आणि कधीमधी मागे शाळेतलं पोर."

तो पडलेल्या टायरवर बसला.
बराच वेळ टायरच्या नक्षीतला खडा उकरत राहिला.
मग म्हणाला,
मार्चच्या चिखलात पडलो होतो, क्येन्जोजोकडून येताना.
मागे कोबुसिंगेची धाकटी होती.
तिला खरचटलंही नाही.
हँडल वाकलं होतं, ते तिथंच पायानं दाबून सरळ केलं,
पोरीला गोड पाव घेऊन दिला, म्हटलं, घरी सांगू नकोस.
तिनं नाही सांगितलं.

वाकलेलं लोखंड उलटं वाकवलं की सरळ दिसतं.
दिसतं.

नवं हँडल कंपालाहून यायला आठवडा,
त्याच्या खिशात एक दिवसही नव्हता.
नुसतं वरून वेल्डिंग मी करत नाही, शेजारी पुन्हा तुटतं.
मोडक्या सायकलच्या सीटची नळी शोधली,
कानशीनं उतरवली, जाईना, अजून उतरवली,
जाईना,
मग शिवी दिली तेव्हा गेली.
दोन्ही बाजूंना भोकं पाडून आतल्या नळीला टाके घातले,
मधली फट भरली,
क्लॅम्प बसेल इतपत फुगवटा घासला.
तो पाण्याची बादली घेऊन आला तशी मी ओरडले,
ठेव ती! आपल्या आपण गार होऊ दे.
घाईनं विझवलेलं तडकतं.

"कॉफीच्या हंगामापर्यंत चालेल. मग नवं घे.
आणि घड दोनच. पोर नाही."
निम्मे पैसे दिले, निम्मे शनिवारी.
भिंतीवर त्याच खडूनं लिहिलं: अमूती, पंधरा हजार.

चढावर वळेपर्यंत मी बघत होते.
डावा हात मुठीवर नुसता टेकलेला,
निखारा विझलाय का बघावं तसा.
शनिवारी येईल तेव्हा
आधी रबर बघेन, मग पैसे मोजेन.