बी बाजू, तिसरं गाणं

नेइदे ताव्होराची तबकडी
ओसमारकाकानं दुकानाच्या मागच्या दारानं आणली.
सेन्सॉरवाल्यांनी तिसऱ्या गाण्यावर
खिळ्यानं ओरखडा ओढलेला.

गिटार करवतीसारखी चढत जायची,
नेइदे श्वास घ्यायची, आणि
खट्.
सुई उडून थेट ड्रमवर.
आम्ही पोरं ते खट्सुद्धा पाठ म्हणायचो,
जीभ टाळूवर आपटून.

यंदा रेसिफेत अख्खं गाणं निघालं.
वाटलं, शिवी असेल, ललकारी असेल.
तर नुसता पत्ता:
बदामांची गल्ली, घर एकेचाळीस, निळं दार,
रात्री रेडिओ मोठ्यानं लावतात.

एकेचाळीस.
समोरच आमची शाळा.
मधल्या सुट्टीत त्याच पायरीवर बसून
बर्फाचा गोळा चोखत
म्हणायचो आम्ही ते गाणं,
खट्सकट.