वाटाड्याचा हिशेब

चाळीस होते.
तेरच्या वेशीत मोजून घेतले, पैठणला मोजून द्यायचे,
असा बोल झाला होता.
ज्यानं त्यांचे भाले विकत घेतले
तो सरदार कुठल्याशा माळावर पहिल्याच दुपारी पडला,
आणि हे यवन जिंकूनही उपरे झाले.
मढ्याकडे वेतन कुणी मागायचं?

म्होरक्या थेओन, एका डोळ्याचा.
रोज सांजेला ढाल पालथी घालून तिच्यावर बसायचा
आणि एकच शब्द विचारायचा: थालसा?
मला वाटलं, पाणी. विहीर दाखवली.
मग वाटलं, नदी. तेरणेत उतरवला.
त्यानं ओंजळभर चाखली आणि थुंकला.
गोड्या पाण्यावर थुंकणारा माणूस
मी तोवर पाहिला नव्हता.

शेवटी त्यानं माझ्या शिदोरीतला मिठाचा खडा उचलला,
दोन्ही हात पसरले, पसरतील तेवढे.
तेव्हा कळलं.
समुद्र मी कुठून पाहणार?
आमच्याकडे तो सुगी सरल्यावर येतो,
गाढवाच्या पाठीवर, गोणीतून.
पण वाटाड्यानं नाही म्हणायचं नसतं.
बोट केलं: त्या डोंगरापलीकडे.

मग बालाघाट लागला.
एक डोंगर उतरावा, तर दुसरा पाठ करून बसलेला.
काळ्या चिखलानं त्यांच्या वहाणा ठेवून घेतल्या.
गावं दारं लावून घ्यायची.
भायिला नावाच्या एका म्हातारीनं तेवढ्या कण्या शिजवून घातल्या,
सगळ्यांत कोवळ्या पोराला विचारलं,
आई आहे का रे तुला?
त्यानं मान हलवली, हसला.
त्याला वाटलं, मीठ पुरे का विचारते.

मांजरा चाखली. सिंदफणा चाखली.
दोघे तापानं गेले, एकाला पान लागलं.
तो एक म्हणजे तोच.

पैठणच्या अलीकडे गोदावरी दिसली,
पूर चढलेला, पलीकडचा काठच नाही,
आणि सदतीस जण ओरडत धावले.
मी मागे उभा. मला ठाऊक होतं.
थेओन गुडघाभर पाण्यात वाकला, चाखली,
आणि कितीतरी वेळ पाठमोराच राहिला.
थुंकला नाही.
प्यायला.

सदतीस मोजून दिले.
मोल म्हणून मेलेल्या पोराच्या भाल्याचं पातं मिळालं.
त्याची दोन खुरपी झाली, धार अजून जात नाही.

आता आमच्या वाडीत
पोरं चालून दमली, घर किती लांब म्हणाली,
की बाया सांगतात: थालसाच आहे अजून.
म्हणजे, त्या डोंगरापलीकडे.
मी कुणाला दुरुस्त करत नाही.