दोनशे तेरावे नाव

ग्रामसभेत कुणीतरी ओरडले,
"भायल्यांची यादी करा!"
सुकोरीनबाय उठली, निवृत्त मास्तरीण,
म्हणाली, "करते. पण वही माझी."

तेव्हापासून कुडचड्याच्या बाजारामागे
पत्र्याच्या खोल्यांतून ती फिरते, तिन्हीसांजेला.
मी सोबत, टॉर्च धरायला.
पोलिसांचे प्रश्न ती विचारत नाही.
विचारते, ताप आला तर हाक कुणाला मारता?
पोराला शाळेत काय म्हणून चिडवतात?

शांतव्वा ओले हात लुगड्याला पुसत
आधी सणच सांगू लागते, नाव राहूनच जाते.
मंगरा उरांव उभा. पायांत चपला,
आधारकार्ड पुढे धरलेले,
जणू आत्ताच निघायला सांगतील.
"बस रे."
तो बसला तेव्हा
चहावर साय धरली होती.

काल दोनशे अकरा झाली.
वही मिटणार, तोच माझ्याकडे वळली :
"तुझा पणजोबा कुठला?"
घाटावरचा. एवढेच ठाऊक.
तिने तेवढेच लिहिले, माझ्या नावापुढे.

मग पेन मला दिले,
तिचे नाव घालायला.
गाव? मी विचारले.
चष्मा पुसत राहिली बराच वेळ.
"कोरे ठेव. आम्हाला
कुणी कधी विचारलेच नाही."