अर्धं तळं

कुहमोत उणे अठ्ठावीस.
ओइवाच्या गॅरेजात कोरीवकामाचं मशीन थांबलं
तळ्याच्या ऐन मध्यावर.

बर्चच्या फळीत पश्चिमेचा काठ उतरला होता,
दोन बेटं, होडी लावायची खाच,
आणि नेमकं सगळ्यात खोल पाण्याशी
पातं गरगरत राहिलं जागच्या जागी,
जळक्या लाकडाचा वास येईपर्यंत.

त्यानं पट्टा चाचपला. ताठ.
रुळांवरचा भुसा ब्रशनं झाडला.
मोटरवर तळहात ठेवला,
पोराच्या कपाळावर ठेवावा तसा:
ऊब होती, ताप नव्हता.
केबल काढली, फुंकली, लावली.
चार बोटं पुढं जाऊन पुन्हा ठप्प.

हेल्वी कॉफी घेऊन आली.
"पुरे की अर्धं.
त्या बाजूला मासे तरी कुठं लागतात आपल्याला?"
बोलता बोलता भुसा ओढणाऱ्या नळीला
तिचा कोपर लागला
चट्!
निम्मी कॉफी जमिनीवर.

ओइवा हसत सुटला.
तिला वाटलं, आपल्यालाच.

कोरडी थंडी, प्लास्टिकची नळी,
भुशानं घासून घासून साठवलेली वीज.
तांब्याची तार नळीला गुंडाळून
त्यानं पाण्याच्या पाइपाला बांधली.

पण मशीन आपलं शून्य विसरलं होतं.
किराणा दुकानाची पावती टोकाखाली सरकवत
त्यानं ते शोधलं:
कागद अडेल इतकं खाली,
फाटायच्या आत.

पहाटे तळं पुरं झालं.
मधोमध केसाएवढा उंचवटा,
डोळ्याला दिसत नाही, बोटाला कळतो.

"ही रेघ कसली?"
"बर्फ तडकलाय," तो म्हणाला,
आणि दिवा मालवला.