बोटीवर चढण्याआधी, वर्लिंडाला

वर्लिंडा, बस जरा. चहा राहू दे.
वारा असाच राहिला तर बोट दुपारी सुटेल.
ट्रिस्टनहून केपटाऊनला सात दिवस,
डोळ्याच्या ऑपरेशनचे किती ते तिथला डॉक्टर जाणे,
मग परतीच्या बोटीची वाट.
म्हणजे लिएंडा तुझ्याकडे दोन महिने तरी.

वरच्या खणात निळे पंप, तीन.
हलवून बघू नकोस,
रिकामासुद्धा भरल्यासारखा वाजतो.
चिकटपट्टी लावलीय, फवारा मारलास की रेघ मार.
तपकिरी रोज, सकाळ-संध्याकाळ.
ती ठणठणीत असते तेव्हाच माणूस विसरतो.
इथे औषध दिवसांनी मोजायचं नसतं,
बोटींनी मोजायचं.

कुत्रा अंथरुणात नाही. ती रडेल. तरी नाही.
सकाळी घंटा झाली की गडीमाणसं खेकड्यांना जातील,
तेव्हा बाझिलचा ट्रॅक्टर कुठे उभा आहे
आणि किल्ली कुणाकडे, ते विचारून ठेव.

शिट्टी ऐकून घाबरू नकोस.
शिट्टी आमच्या घराण्यात नाकासारखी येते.
शिट्टी म्हणजे फटीतून का होईना,
वारा आत येतोय.
तू तिला काहीतरी विचार,
बटाट्याच्या वाफ्यात आज काय केलंस, असलं,
ज्याचं उत्तर लांबतं.
आणि शब्द मोज.
एका दमात आठ-नऊ आले, तर बरं.
चारच आले, तर निळा पंप, त्या प्लास्टिकच्या नळकांड्यातून,
एक फवारा, सावकाश श्वास, मग दुसरा.
एकेकच शब्द आला,
किंवा नुसती मान हलली,
तर उत्तरासाठी थांबू नकोस.

स्वेटर वर कर. बरगड्यांमधली कातडी बघ,
गळ्याची खळी बघ,
लाट मागे फिरताना गोट्यांमधलं पाणी ओढून नेते
तशी आत जाते का.
दिवा मोठा कर आणि ओठ बघ.

सायलसच्या वेळी आम्हाला कुणी हे सांगितलं नव्हतं.
रात्रभर भावाची छाती भात्यासारखी चाललेली.
पहाटे शिट्टी थांबली.
आई म्हणाली, उतरलं गं. झोपला.
आम्ही पाय न वाजवता बाहेर आलो.
मी दाराला कडीसुद्धा घातली नाही,
आवाज होईल म्हणून.

घे, चहा घे आता.

गेल्या ऑगस्टात तीच शांतता
लिएंडाच्या छातीला कान लावल्यावर मला ऐकू आली.
मोजनळीत फुंकायला लावलं.
एरवी दोनशे सत्तरची पोर,
काटा शंभरावर अडला.
ती वही फ्रिजवर आहे, आकडे तारखेसकट लिहिलेत,
लाल रेघेखाली गेलं की दवाखाना, चर्चा नाही.
आडवी करू नकोस. मी तिला ट्रॅक्टरवर मांडीत बसवलं,
पुढे झुकलेली, दोन्ही हात माझ्या गुडघ्यांवर,
थोड्या थोड्या वेळानं एक फवारा, असे दहा.
वाऱ्यात मी ओरडत होते, दम धर, पोरी, दम धर,
आणि मग जीभ चावली.
तोच तर धरला होता तिनं.
सुटत नव्हता.

नर्सला मध्यरात्री उठवायला लाजू नकोस.
मी दहा मिनिटं लाजले.
ती दहा मिनिटं अजून माझ्याकडे आहेत,
कुठे ठेवावीत कळत नाही.
ऑक्सिजनचा मुखवटा चढला, सुई टोचली,
आणि बऱ्याच वेळानं शिट्टी परत आली.
शिट्टी ऐकून मी रडले, सांगून खरं वाटणार नाही तुला.

एवढंच.
पायमोजे तिसऱ्या खणात. डाव्या मोज्याला भोक आहे.

*

धक्क्यावरून लिएंडा ओरडतेय.
लांबलचक वाक्य आहे, तोंड हलताना दिसतंय,
मोज्यांबद्दल असेल, नाहीतर कुत्र्याबद्दल.
होडी वर जाते, खाली येते.
मी मोजायला लागले,
तिसऱ्या शब्दाला वाऱ्यानं आवाज नेला.
वर्लिंडा तिच्या बाजूला उभी आहे,
वाकून,
कान तिच्या तोंडाशी.